तोंडात मावणाऱ्या वस्तूंना एकच नियम हवा

चार ग्रॅम वजनाचं धातूचं एक लटकन घ्या. वरून सोनेरी मुलामा, आत जस्ताचा मिश्रधातू आणि त्यात ४०० पीपीएम शिसं, म्हणजे किलोमागे ४०० मिलिग्रॅम. अमेरिकेत हे लटकन लहान मुलांचा दागिना म्हणून विकणं बेकायदा आहे, कारण तिथली मर्यादा १०० पीपीएम. तेच मोठ्यांचा दागिना म्हणून विकलं तर त्यातल्या शिशाला अमेरिकेच्या संघीय कायद्यात मर्यादाच नाही. युरोपात दागिना म्हणून ते चालतं, तिथली मर्यादा ५०० पीपीएम आहे. कॅनडात मुलांसाठी चालत नाही, तिथे ९०. आणि हेच लटकन बाहुलीच्या गळ्यात अडकवून खेळण्याचा भाग म्हणून विकलं, तर त्यात एकूण शिसं किती हे युरोपचा खेळण्यांचा नियम विचारतच नाही. दोन तासांत सौम्य आम्लात किती उतरलं, एवढंच तो बघतो.

लटकन तेच आणि ते गिळणारं मूलही तेच. खोक्यावर काय छापलंय याच्याशी जठरातल्या आम्लाला काही देणंघेणं नसतं. तरीही बहुतेक नियम आधी वस्तूचा वर्ग ठरवतात आणि मग त्या वर्गाची मर्यादा लावतात: हे खेळणं, हा मुलांचा दागिना, हा मोठ्यांचा दागिना, ही शोभेची वस्तू. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. धातूची वस्तू किंवा तिचा सुटू शकणारा भाग मुलाच्या तोंडात मावत असेल, तर ती कोणासाठी बनवली आहे हे न विचारता शिसं आणि कॅडमिअम या दोन धातूंवर एकूण प्रमाणाची एकच मर्यादा असावी आणि ती १०० पीपीएमच्या वर नसावी. हेच दोन धातू का, याचं कारण आहे. ते पुढे येईल.

आधी खेळण्यांच्या मर्यादा कुठून आल्या ते पाहू. युरोपच्या २००९/४८ या निर्देशात खेळण्यांतल्या पदार्थांचे तीन गट केलेत. पहिल्यात खडू किंवा मळण्याची माती यांसारखे कोरडे, ठिसूळ, भुकटी होणारे किंवा मऊ पदार्थ येतात, दुसऱ्यात पातळ किंवा चिकट आणि तिसऱ्यात खरवडून निघणारे, म्हणजे रंगाचा थर, प्लास्टिक, धातू. मूल यांपैकी अनुक्रमे १००, ४०० आणि ८ मिलिग्रॅम रोज पोटात घेईल असं गृहीत धरलंय. शिशाच्या उतरण्याची मर्यादा २८ ऑक्टोबर २०१८पासून अनुक्रमे किलोमागे २, ०.५ आणि २३ मिलिग्रॅम आहे. गुणाकार केला तर पहिल्या दोन गटांत रोजचं शिसं ०.२ मायक्रोग्रॅम येतं आणि तिसऱ्यात ०.१८४. तिन्ही वाटा जवळपास एकाच आकड्याला जाऊन मिळतात. हे गणित नीटस आहे, आणि मूल वस्तू नखाने-दाताने खरवडतंय तोवर बरोबरही आहे.

मुलाने वस्तू गिळली की ते कोलमडतं. आता पोटात ८ मिलिग्रॅम नाही, चार ग्रॅम गेलेत, ५०० पट. किलोमागे २३ मिलिग्रॅम या दराने चार ग्रॅमच्या तुकड्यातून दोन तासांत ९२ मायक्रोग्रॅम शिसं उतरलं, तरी तो तुकडा नियमात बसतो. शिवाय दोन तास हा काळ चाचणीच्या सोयीचा आहे. अन्न पुढे सरकतं. जड धातूचा तुकडा जठरात अडकून दिवसच्या दिवस राहू शकतो.

असं घडलेलं आहे. २००६मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये चार वर्षांच्या एका मुलाने बुटांबरोबर फुकट मिळालेल्या ब्रेसलेटचं हृदयाच्या आकाराचं लटकन गिळलं. उलट्या सुरू झाल्या. पोटाचा साधा संसर्ग समजून त्याला आधी घरी पाठवलं गेलं. एक्स-रेमध्ये धातूचा तुकडा दिसेपर्यंत रक्तातलं शिसं डेसिलिटरमागे १८० मायक्रोग्रॅमवर गेलं होतं. आज अमेरिकेतलं रोगनियंत्रण केंद्र ३.५ या पातळीला मुलाकडे लक्ष द्यायला सांगतं. मूल वाचलं नाही. लटकनात ९९.१ टक्के शिसं निघालं आणि तशी तीन लाख ब्रेसलेट्स बाजारातून परत मागवावी लागली.

या घटनेतली एक गोष्ट सहसा सुटते. तेव्हा मर्यादा नव्हती असं नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने फेब्रुवारी २००५मध्येच मुलांच्या धातूच्या दागिन्यांसाठी धोरण जाहीर केलं होतं: ६०० पीपीएमपेक्षा जास्त शिसं आढळलं तर आम्लाची चाचणी, आणि त्यात १७५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त उतरलं तर कारवाई. हे लटकन त्या धोरणाच्या मर्यादेत कुठेच बसत नव्हतं. पण विक्रीआधी कोणीतरी तपासलंच पाहिजे, अशी सक्ती नव्हती. ती आली २००८च्या कायद्याने, आणि त्याआधी २००७मध्ये शिशाचा रंग निघाल्यामुळे लाखो खेळणी परत मागवायची वेळ यावी लागली. त्या कायद्याने १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंतल्या एकूण शिशाची मर्यादा २००९मध्ये ६०० आणि मग ३०० पीपीएम केली आणि १४ ऑगस्ट २०११पासून १०० वर आणली. रंगाच्या थरासाठी ९० ठेवली. मुलामा किंवा रंग हा आतल्या शिशापुढचा अडसर मानता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलं. हे वाक्य मला आकड्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि दुसरीकडचे नियम लिहिताना ते जसंच्या तसं उचलावं.

मग कॅडमिअम आलं. स्वस्त लटकनं रबराच्या फिरत्या साच्यात ओततात. त्यासाठी कमी तापमानाला वितळणारा, साच्याचे बारीक कोपरे भरणारा आणि हातात जड लागणारा धातू सोयीचा. शिसं ३२७ अंशांना वितळतं, कॅडमिअम ३२१ला. वर ते चकचकीत दिसतं आणि जस्त गाळताना उपउत्पादन म्हणून निघत असल्याने सहज मिळतं. शिशावर दाब आल्यावर काही ओतकामवाल्यांनी दुसरी पिशवी उघडली. जानेवारी २०१०मध्ये असोसिएटेड प्रेसने १०३ दागिने तपासून घेतले, तेव्हा एका वस्तूत वजनाच्या ९१ टक्के कॅडमिअम सापडलं. ती तपासणी करणारे ओहायोतल्या ॲशलँड विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जेफ्री वाइडेनहॅमर यांनी नंतर अशा दागिन्यांवर सविस्तर काम केलं. जठरासारख्या आम्लात २४ तास ठेवल्यावर एका लटकनातून २० मिलिग्रॅमहून जास्त कॅडमिअम उतरलं. मुलामा खरचटला तर काही वस्तूंतून उतरणारं प्रमाण ३० पटींपर्यंत वाढलं. काळ वाढवला तर उतरणं थांबत नव्हतं.

शिसं मेंदूच्या वाढीत अडथळा आणतं. शरीर त्याला कॅल्शिअम समजून हाडांत साठवतं, आणि मुलांच्या आतड्यात ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. शरीरात लोह कमी असेल तर आणखी. सुरक्षित म्हणावी अशी पातळी सापडलेली नाही. अन्नातून आठवड्याला किती शिसं चालेल याचा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१०मध्ये मागे घेतला, कारण तो कोणाचं संरक्षण करतो असं म्हणता येईना. कॅडमिअमची गंमत वेगळी आहे, गंमत म्हणणं क्रूर असलं तरी. ते मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि निम्मं बाहेर पडायला १० ते ३० वर्षं लागतात. पाचव्या वर्षी पोटात गेलेलं चाळिशीतही तिथेच सापडू शकतं. तेव्हा कोणाला ते लटकन आठवणार?

एवढं होऊनही अमेरिकेत मुलांच्या दागिन्यांतल्या कॅडमिअमवर संघीय सक्तीची मर्यादा आली नाही. काही राज्यांनी आपापले कायदे केले. देशपातळीवर २०११मध्ये एएसटीएम एफ २९२३ हे ऐच्छिक मानक आलं: ३०० पीपीएमपर्यंत पास, त्यापुढे गिळता येण्याजोग्या धातूच्या भागाची २४ तासांची आम्लचाचणी आणि तिथे २०० मायक्रोग्रॅमची मर्यादा. २४ तासांची चाचणी हे त्यातलं खरं शहाणपण. पण मानक पाळणं ऐच्छिक असेल तर ते चांगले उत्पादकच पाळतात, आणि त्यांची चिंता कोणालाच नव्हती.

आता हेच दोन धातू का. सगळ्याच धातूंवर एकूण प्रमाणाची मर्यादा लावणं वेडेपणाचं होईल. साध्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमिअम असतं आणि ते जागचं हलत नाही. रंगांत भरणी म्हणून वापरतात ते बेरिअम सल्फेट आम्लात जवळपास विरघळतच नाही. एक्स-रे काढताना ते मुद्दाम प्यायला देतात. निकेलचा त्रास त्वचेला होतो, म्हणून त्याचं माप आठवडाभर कृत्रिम घामात ठेवून चौरस सेंटीमीटरमागे किती उतरतं असं घेतात: युरोपात त्वचेला लागून राहणाऱ्या वस्तूंना ०.५ मायक्रोग्रॅम, टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांडीला ०.२. या धातूंसाठी किती उतरतं हाच योग्य प्रश्न आहे. शिसं आणि कॅडमिअम यांचं तसं नाही. ते आम्लात सहज उतरतात, शरीरात साठतात आणि ओतीव दागिन्यात त्यांची कामाला म्हणून गरज नसते. असतात ते एक तर मुद्दाम घातलेले किंवा भंगारातून आलेले. चार ग्रॅमच्या तुकड्यात १०० पीपीएम शिसं असेल तर तो सगळाच्या सगळा विरघळला तरी ४०० मायक्रोग्रॅम बाहेर येईल. हाही आकडा कमी नाही. पण मिनिआपोलिसच्या लटकनासारख्या जवळपास शुद्ध शिशाच्या तेवढ्याच तुकड्यात ४० लाख मायक्रोग्रॅम असतात. एकूण प्रमाणाच्या मर्यादेचा फायदा हा की वाईटातली वाईट परिस्थिती आधीच बांधली जाते. वस्तू पोटात किती तास राहील, मुलामा शाबूत आहे का, आम्ल किती तीव्र, यातलं काहीही गृहीत धरावं लागत नाही.

उतरण्याच्या चाचणीत ही गृहीतकं किती आहेत, हे ती जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. नमुन्याच्या वजनाच्या ५० पट ०.०७ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं, ३७ अंशांवर, उजेडापासून झाकून. एक तास हलवायचं, एक तास स्थिर ठेवायचं, गाळायचं आणि आयसीपी यंत्रावर, म्हणजे द्रावणातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचं. खरवडलेला रंग असेल तर तो आधी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतका बारीक करायचा. इथेच निकाल डळमळतो. कण जरा जाड राहिले तर कमी उतरतं, हलवण्याचा वेग बदलला की आकडा बदलतो. वेगवेगळ्या लॅबचे निकाल जुळत नाहीत हे मानक लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं, म्हणून आयएसओ ८१२४-३ या खेळण्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात दुरुस्तीचा टक्का ठेवलाय: शिशासाठी आणि कॅडमिअमसाठी ३०, पाऱ्यासाठी ५०, आर्सेनिक-अँटिमनीसाठी ६०. यंत्राने शिसं १२० दाखवलं तर त्यातून ३० टक्के वजा करायचे, उरतात ८४, मर्यादा ९०, वस्तू पास. संशयाचा फायदा उत्पादकाला मिळतो. मुलांच्या वस्तूत तो उलट्या बाजूला जायला हवा होता. भारतात १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना सक्तीच्या केलेल्या आयएस ९८७३चा तिसरा भाग याच आयएसओ मानकावर बेतलेला आहे. आणि नुसता दागिना, खेळण्यासाठी नसलेला, या मानकांच्या कक्षेतच येत नाही. युरोपच्या निर्देशातही तो वगळलेलाच आहे.

मिश्र नमुन्याची पळवाटही जुनी आहे. खर्च वाचवायला लाल, पिवळा, निळा असे तीन रंग समान वजनात एकत्र करून एकच चाचणी करतात. पिवळ्यात २४० पीपीएम शिसं असेल आणि बाकी दोन स्वच्छ असतील तर मिश्रण ८० दाखवतं. मर्यादा ९०, रिपोर्टवर पास. तीन भाग मिसळले तर मिश्रणाची मर्यादाही तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे ३० वर आणली पाहिजे. रिपोर्ट वाचणाऱ्याने पहिली शोधायची गोष्ट हीच.

एक्स-किरण मारून वस्तूतले धातू ओळखणाऱ्या, हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने काम लवकर होतं, पण त्यालाही ओळखून वापरावं लागतं. ते वरचा थर वाचतं. तांब्यावर निकेल आणि निकेलवर सोनेरी झिलई असा मुलामा असेल तर आतल्या शिशाचे किरण बाहेर येईपर्यंत बरेचसे शोषले जातात आणि आकडा खऱ्यापेक्षा खूप कमी दिसतो. कॅडमिअमचे किरण २३ केईव्हीचे (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक), जास्त ताकदीचे, ते मुलाम्यातून बऱ्यापैकी पार होतात. म्हणजे एकाच लटकनावर यंत्र कॅडमिअम पकडेल आणि शिसं सोडून देईल असं होऊ शकतं. उपाय साधा आहे: कानशीने कोपरा घासून आतला करडा धातू उघडा करायचा आणि तिथे मिनिटभर वाचन घ्यायचं. मणी यंत्राच्या झरोक्यापेक्षा लहान असेल तर एकाच प्रकारचे अनेक मणी दाटून ठेवायचे. आर्सेनिक आणि शिसं यांच्या मुख्य रेषा १०.५ केईव्हीच्या जवळ एकमेकींवर पडतात, म्हणून शिशाची १२.६ची रेषाही दिसते का ते पाहायचं. ती नसेल तर शिशाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. मर्यादेच्या आसपासचा निकाल असेल तर यंत्रावर न थांबता नमुना आम्लात पूर्ण विरघळवून आयसीपीवर मोजावा.

घरच्या घरी तपासायच्या रंग बदलणाऱ्या काड्यांबद्दल एवढंच सांगतो की अमेरिकन आयोगाने २००७मध्ये त्यांच्या शंभराहून जास्त चाचण्या घेतल्या आणि निम्म्याहून अधिक निकालांत असलेलं शिसं काडीला दिसलंच नाही. मुलाम्याखालचं तर तिला दिसणारच नाही.

कारखान्यांकडून येणारा आक्षेप असा की १०० पीपीएम परवडणार नाही. या बाबतीत जस्ताच्या ओतकामाचा धंदा स्वतःच साक्ष देतो. झामॅक नावाने विकल्या जाणाऱ्या जस्ताच्या प्रमाणित मिश्रधातूत शिसं ०.००५ टक्के आणि कॅडमिअम ०.००४ टक्के यापुढे चालत नाही, म्हणजे ५० आणि ४० पीपीएम. ही मर्यादा मुलांसाठी घातलेली नाही. हे धातू जास्त झाले की दमट हवेत जस्ताच्या कणांच्या सीमा गंजतात, वस्तू फुगते आणि तडकते, म्हणून ती घातलीय. बिजागरी आणि नळाच्या मुठीसाठी जो धातू रोज वितळवला जातो तो आधीच १०० पीपीएमच्या आत आहे. परवडत नाही ते प्रमाणित धातूऐवजी भंगार वापरणं सोडायला.

शिसं शिरतं कुठून हे पाहिलं तर रोखण्याच्या जागाही दिसतात. एकाच वितळभांड्यात सकाळी शिसं-कथिलाचा मिश्रधातू आणि दुपारी जस्त वितळवलं तर तळाशी राहिलेलं शिसं पुढच्या घाण्यात येतं. भांडी वेगळी ठेवावी लागतात. रनरमधला, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या वाटेतला, धातू आणि नापास नग परत वितळवताना त्यांच्यावरचा मुलामा आणि डाग, म्हणजे सांधा जोडायला वितळवलेला धातू, हेही आत जातात, आणि दर फेरीला प्रमाण वाढत जातं. सगळ्यात दगा देतो तो कडीचा डाग. साठ-चाळीसच्या कथील-शिशाच्या डागाचा २० मिलिग्रॅमचा थेंब म्हणजे ८ मिलिग्रॅम शिसं. चार ग्रॅमच्या लटकनाचा बाकी धातू अगदी स्वच्छ असला तरी सरासरी २,००० पीपीएमवर जाते, आणि त्या थेंबापुरतं मोजलं तर ४ लाख. म्हणून मर्यादा भागागणिक लावावी, अख्ख्या वस्तूच्या सरासरीवर नको. दर घाण्याला पळीभर धातूचं एक बटण ओतायचं, घासून एक्सआरएफवर वाचायचं आणि घाण्याचा क्रमांक कोरून जपून ठेवायचं. याला मिनिटं लागतात. मंजुरीला पाठवलेला नमुना एक आणि बाजारात गेलेला माल दुसरा, हा या धंद्यातला नेहमीचा घोटाळा. बटणांची पेटी असेल तर तो दडवता येत नाही.

लहान उत्पादकांचा प्रश्न खरा आहे. पाचशे नग बनवणाऱ्याला प्रत्येक रंगाची, प्रत्येक भागाची बाहेरच्या लॅबमध्ये चाचणी करून घेणं जड जातं. अमेरिकेने २०११मध्ये कायदा दुरुस्त करताना एका वस्तूचे वर्षाला ७,५०० नगांपर्यंत बनवणाऱ्या आणि उलाढाल कमी असलेल्यांना बऱ्याच चाचण्यांतून सूट दिली. मात्र मुलांच्या धातूच्या दागिन्यांतलं शिसं, रंगातलं शिसं आणि सुटे लहान भाग या चाचण्या सुटीतून बाहेर ठेवल्या. हा तोल मला योग्य वाटतो. लाकडाच्या, कापडाच्या, विणलेल्या वस्तूंना सवलत द्या; धातूचा तुकडा असेल तिथे देऊ नका. प्रमाणित मिश्रधातूच्या लाद्या विकणाऱ्याचा घाणानिहाय रिपोर्ट लहान कारागिराच्या कामी यावा, अशी तरतूद केली तर ओझं आणखी हलकं होईल. फक्त त्याने आपलं भंगार त्यात मिसळता कामा नये.

दुसरा आक्षेप: मोठ्यांच्या दागिन्यांना मुलांच्या मर्यादा कशाला? कारण ते मुलांच्या तोंडात जातात, आणि ‘मुलांसाठी नाही’ एवढी चिठ्ठी चिकटवून परी, मांजर, इंद्रधनुष्य अशी लटकनं त्याच मर्यादेतून निसटतात. युरोपने हे मान्य केलंय. तिथल्या रीच या रसायनांच्या नियमांत कॅडमिअमची १०० पीपीएमची मर्यादा डिसेंबर २०११पासून सगळ्या वयांच्या धातूच्या दागिन्यांना आहे, शिशाची ५०० पीपीएमची ऑक्टोबर २०१३पासून. १ जून २०१६पासून तर मुलाच्या तोंडात जाऊ शकेल अशा इतरही ग्राहकवस्तूंना शिशाची मर्यादा आली, आणि तोंडात जाऊ शकेल म्हणजे काय तेही मापाने सांगितलं: वस्तूची किंवा तिच्या सुटणाऱ्या भागाची एक बाजू ५ सेंटीमीटरहून कमी. मला हवा असलेला नियम याच धाटणीचा आहे, फक्त शिशाचा आकडा ५००वरून १००वर आणून आणि खेळणी, दागिने, किल्लीच्या साखळ्या, केसांच्या पिना हे सगळं एका छत्राखाली घेऊन. कॅनडाने २०१८मध्ये मुलांच्या दागिन्यांसाठी शिसं ९० आणि गिळण्याजोग्या नगांत कॅडमिअम १३० पीपीएम ठरवलं, म्हणजे दोन्ही धातू एका नियमात बसतात हेही दिसलेलं आहे.

क्रिस्टल काचेचा वाद मात्र मी मोकळा सोडतो. २४ टक्के लेड ऑक्साइडच्या काचेत शिसं जाळ्यात अडकलेलं असतं आणि फार थोडं उतरतं. अमेरिकन आयोगाने २००९मध्ये तरीही सूट नाकारली, युरोपने दिली. दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे, आणि शिशाविना क्रिस्टल आता मिळत असल्याने या प्रश्नाची धार बोथट झालीय.

विक्री ऑनलाइन गेल्यापासून पकडायचं कोणाला हा प्रश्न अवघड झालाय. विक्रेता दुसऱ्या खंडात असतो आणि खातं बंद पडलं की नव्या नावाने उघडतो. २०१९मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्त्यांशी झालेल्या करारात ॲमेझॉनने मुलांचे दागिने आणि शालेय वस्तू विकू देण्याआधी विक्रेत्याकडून लॅबचा दाखला मागायचं मान्य केलं. जबाबदारी बाजार चालवणाऱ्यावर टाकली की ती पार पडू शकते. मात्र दाखला नुसता असून भागत नाही. युरोपात खेळण्यांवरचं सीई चिन्ह बहुतेक वेळा उत्पादक स्वतःच लावतो, मानक पाळलं असं स्वतःच जाहीर करून; ते बाहेरच्या लॅबचं प्रमाणपत्र नव्हे. उपयोगी दाखल्यावर तपासलेल्या नगाचा फोटो असतो, घाण्याचा किंवा बॅचचा क्रमांक असतो, कडी, डाग, लटकन, मणी, रंग असे भाग वेगळे मोजलेले असतात आणि प्रत्येकापुढे आकडा असतो. नुसता ‘पास’ शिक्का, दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि ‘धातूचे भाग, एकत्रित’ असा एकच रकाना असेल, तर बाजार चालवणाऱ्याने तो माल यादीवर घेऊ नये.